जोखीम-भार शून्य

प्रभादेवीतल्या एका तिजोरीत फार तर १० कोटी रुपये मावतात, असं मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेचं म्हणणं. वहीप्रमाणे तिच्यात १२२ कोटी होते. हे दोन आकडे एकाच इमारतीत गुण्यागोविंदानं नांदत होते आणि कुणाची झोपमोड होत नव्हती. मधल्या काळात तपासनीस येऊन गेले, लेखापरीक्षकांच्या सह्या झाल्या, वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' झालं आणि सभासद वेफर्स-पेढ्यांचं पाकीट घेऊन घरी गेले.

मग १२ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेची माणसं न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत शिरली आणि त्यांनी आधुनिक पर्यवेक्षणाच्या इतिहासातलं एक क्रांतिकारक तंत्र वापरलं. तिजोरी उघडायला लावली. नोटा मोजल्या.

पुढचं सगळ्यांनी वाचलं आहे. १३ तारखेचं कामकाज संपताच निर्बंध, १४ला संचालक मंडळ बरखास्त, स्टेट बँकेचे एक माजी अधिकारी प्रशासक, त्यापाठोपाठ बँकेच्या महाव्यवस्थापकांना अटक. पैसे २०२० पासून थोडे थोडे बाहेर जात होते, असा पोलिसांचा आरोप आहे. कुणी नेले, कुणाला दिले, हे कोर्ट बघेल. मला तिजोरीपेक्षा तिच्याकडे बघणाऱ्यांची जास्त उत्सुकता आहे.

कारण बघणारे काही कमी नाहीत. फोर्टात, मिंट रोडवर, रिझर्व्ह बँकेचं उंच मुख्यालय आहे. देशाची बँकिंग व्यवस्था कोसळणार तर नाही ना, याची काळजी तिथे पगार घेऊन केली जाते. मार्च २०१० पासून 'वित्तीय स्थिरता अहवाल' निघतो; हल्ली वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या शेवटी. प्रभादेवीत नोटा मोजल्या गेल्या त्याच्या सहा आठवडे आधी, ३० डिसेंबर २०२४ला, असाच एक अहवाल बाहेर पडला होता. बँकांच्या थकीत कर्जांचं प्रमाण २.६ टक्के, बारा वर्षांतलं सर्वांत कमी. ४६ बँकांना ताण देऊन पाहिलेला. अर्थव्यवस्था गडगडली, सगळं जग उलटंपालटं झालं, तरी हे प्रमाण ५.३ टक्क्यांच्या वर जात नाही, असा हिशेब. निवडक नागरी सहकारी बँकांचीही परीक्षा होते: कर्जं बुडाली तर काय, सर्वांत मोठा कर्जदार झोपला तर काय, व्याजदर फिरले तर काय, ठेवीदार एकदम पैसे काढायला आले तर काय.

पैसे आधीच काढून नेलेले असले तर काय, हा प्रश्न पेपरात नव्हता.

आणि तो नसण्याला कारण आहे. बँकेची तब्येत बघताना आधी भांडवल बघतात, आणि ते पुरेसं आहे की नाही हे ठरवताना तिच्या प्रत्येक मालमत्तेला एक 'जोखीम-भार' लावतात. व्यापाऱ्याला विनातारण कर्ज दिलंत, भार जास्त. घरासाठी दिलंत, भार कमी. सगळ्यांत सुरक्षित काय? हातातली रोकड. तिचा जोखीम-भार शून्य. जगभर शून्य. स्वित्झर्लंडात बाझल नावाच्या गावी बसून विद्वानांनी ठरवलेला शून्य. म्हणजे प्रभादेवीतले ते १२२ कोटी जितके दिवस जागेवर नव्हते तितके दिवस ते बँकेची सर्वांत निर्धोक मालमत्ता होते. रोखता मोजायच्या रकान्यातही रोकड पहिल्या नंबरावर. जे पैसे नव्हते त्यांनीच बँकेचे आकडे सावरून धरले होते!

बिचाऱ्या रिझर्व्ह बँकेकडे साधनं नाहीत असंही नाही. २०२२च्या ऑक्टोबरात तिनं बँकांवर नजर ठेवायला एक संगणकीय यंत्रणा सुरू केली. नाव 'दक्ष'. ५ कोटींच्या वरच्या कर्जांची नोंद ठेवायला एक वेगळं भांडार आहे, पर्यवेक्षकांना शिकवायला एक स्वतंत्र महाविद्यालय आहे. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन, नफा, रोखता, अंतर्गत यंत्रणा अशा सहा विषयांत प्रत्येक नागरी सहकारी बँकेला गुण मिळतात. पण यातला बराचसा माल बँकेनं स्वतः भरून पाठवलेल्या विवरणपत्रांतून येतो. विद्यार्थ्यानं आपली उत्तरपत्रिका स्वतःच तपासून पाठवायची आणि बोर्डानं फक्त बेरीज बघायची, असा तो मामला.

हे काही आज कळलं असं नाही. २०१९च्या सप्टेंबरात भांडुपची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडकली तेव्हा निघालं काय? एका बिल्डर समूहाची सहा-साडेसहा हजार कोटींची कर्जं झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती तयार केली होती. आकडा परत वाचा. एकवीस हजार एकोणपन्नास कर्जदार, त्यातला एकही हाडामांसाचा नाही. विवरणपत्रं मात्र वेळेवर गेली होती. १९९२ला हर्षद मेहताच्या काळात बँक ऑफ कऱ्हाडनं रोखे हाती नसताना रोख्यांच्या पावत्या फाडल्या, तेव्हाही कागदाला कागद जुळत होता. कऱ्हाडची ती बँक त्यातच संपली. कागद बघायला सगळे तयार असतात. तिजोरीशी वाकायचं म्हणजे कंबर दुखते.

लालबागला गणपती बसले की दुसऱ्या दिवसापासून राजाच्या दानपेट्या उघडतात. सतरंज्या अंथरलेल्या, चारी बाजूंनी कॅमेरे, बँकेचे कर्मचारी मांडी घालून नोटा लावताहेत, दहाच्या दहात, पाचशेच्या पाचशेत. शेजारी सोन्याच्या पावलांचं वजन चाललेलं. संध्याकाळी आकडा बातम्यांत. एका मंडळाला आपली पेटी चारचौघांत उघडायची लाज वाटत नाही. तिथून टॅक्सीनं पंधरा मिनिटांवरच्या बँकेची पेटी मात्र आतल्या माणसांवर सोडलेली, कारण ती शास्त्रोक्त पद्धतीनं चालवली जाते.

जी बँक गेली तिचा इतिहास तरी काय होता! १९६८ला जॉर्ज फर्नांडिसांनी काढलेली ती 'बाँबे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक'. मोठ्या बँकांच्या दारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं त्या कष्टकऱ्यांसाठी. १९७७ला नाव बदललं, लेबर जाऊन न्यू इंडिया आलं. मार्च २०२४ला ठेवी होत्या २,४३६ कोटी. बंदसम्राटानं उभी केलेली बँक एका प्रसिद्धिपत्रकानं बंद झाली. कुणाला हाळी द्यावी लागली नाही.

ते प्रसिद्धिपत्रक एकदा शांतपणे वाचण्याजोगं आहे. शाखांच्या बाहेर गर्दी जमली तेव्हा ज्येष्ठ मंडळी चष्मा वर-खाली करत तेच वाचत होती. बँकेनं नवं कर्ज द्यायचं नाही, नवी ठेव घ्यायची नाही, बचत खात्यातून, चालू खात्यातून, कुठूनही एक पैसा द्यायचा नाही. मात्र कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचं भाडं आणि विजेचं बिल यांवर बँक खर्च करू शकते. म्हणजे खातेदाराचे पैसे खातेदाराला मिळणार नाहीत, पण त्या पैशांतून शाखेतला पंखा फिरत राहील, ज्याच्याखाली उभं राहून 'पैसे मिळणार नाहीत' हे त्याला ऐकायला मिळेल. त्याच्या घरच्या विजेच्या बिलाचं कलम कुठेच नाही. आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, की याचा अर्थ परवाना रद्द झाला असा काढू नये. नाही काढत, साहेब. तुम्हीच सांगा काय काढायचं. बाकी काही काढता येत नाहीये.

निर्बंधांचं कारण काय दिलं होतं? बँकेतल्या 'अलीकडच्या महत्त्वाच्या घडामोडी'. १२२ कोटींना मराठीत काय म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

२७ फेब्रुवारीपासून प्रत्येकी २५ हजार काढायची परवानगी मिळाली. सोबत रिझर्व्ह बँकेनं दिलासा म्हणून सांगितलं की, यामुळे निम्म्याहून जास्त ठेवीदारांना आपली पूर्ण शिल्लक काढता येईल. हे वाक्य दिलासा म्हणून लिहिलं गेलं, पण त्यात त्या बँकेची जनगणना आहे. अर्ध्याहून जास्त माणसांची त्या बँकेतली सगळी पुंजी २५ हजारांच्या आत होती. स्थिरता अहवालाच्या तक्त्यांत या माणसांसाठी दशांश चिन्हानंतर किती शून्यं लिहावी लागतील कुणास ठाऊक. अहवाल खोटा नाही, हे मी कबूल करतो. व्यवस्था खरंच स्थिर होती. ३० जून २०२५ला पुढचा अहवाल आला तेव्हा थकीत कर्जं आणखी उतरून २.३ टक्क्यांवर आली होती आणि न्यू इंडियाचे खातेदार अजून खोळंबलेलेच होते. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या होत्या, आणि नेमकं हेच माझं दुखणं आहे. ही सगळी टेहळणी व्यवस्थेसाठी आहे. खातेदार त्या व्यवस्थेत मोडत नाही.

पटत नसेल तर प्रभादेवीतच हिशेब मांडू. ५ मार्च २०२०ला येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिचं मुख्यालय शेजारच्याच एल्फिन्स्टनला, सेनापती बापट मार्गावर होतं. स्टेट बँक धावली, बाकीच्या मोठ्या बँका धावल्या, सरकार धावलं. १८ मार्चला निर्बंध उठले. १३ दिवस. भांडुपच्या बँकेचे खातेदार विलीनीकरणाची वाट बघत होते २८ महिने, आणि मोठ्या ठेवीदारांचे हप्ते त्यानंतर १० वर्षांत फिटायचे आहेत. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ला निर्बंध आले, २०२२ला परवाना गेला. नऊ वर्षं! तेवढ्यात पोरगं पहिलीतून दहावीला जातं. मोठी बँक पडली तर शेजारच्या चार पडतील, म्हणून घाई. छोटी पडली तर फक्त तिचे खातेदार पडतात. त्याला शास्त्रीय भाषेत 'व्यवस्थात्मक परिणाम नगण्य' म्हणतात.

ठेवविमा आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. १९६०ला केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १९६२ला विमा सुरू झाला, दर ठेवीदाराला १,५०० रुपये. १९९३ला तो १ लाख झाला आणि तिथेच २७ वर्षं बसून राहिला. भांडुपचा आक्रोश झाल्यावर २०२०च्या फेब्रुवारीत ५ लाख. २०२१च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत पैसे द्यावे लागतात, ही खरोखरच चांगली सुधारणा. दर वेळी एखादी बँक बुडावी लागते, मग कायदा एक पायरी चढतो. हे जिने चढायला खातेदारांची हाडं वापरतात, एवढंच.

आता ५ लाख कुणाला? दर ठेवीदाराला. दादर-परळच्या गृहनिर्माण संस्थांचं उदाहरण घ्या. इमारत चाळीस वर्षांची, लिफ्ट बदलायची आहे, गच्ची गळते, म्हणून सभासदांनी वर्षानुवर्षं सिंकिंग फंड साठवला. सहकारी संस्थेचा पैसा सहकारी बँकेत, हा रिवाज, शिवाय मॅनेजर ओळखीचा, पाव टक्का व्याज जास्त. बँक अडकली की विमा म्हणतो, संस्था म्हणजे एक ठेवीदार. साठ बिऱ्हाडांच्या पैशाला मिळून ५ लाख. त्यात लिफ्टचं दार येईल. भांडुपच्या बँकेच्या वेळी अनेक सोसायट्यांची हीच गत झाली होती. त्यानंतरच्या सर्वसाधारण सभांत खजिनदारावर काय प्रसंग आला असेल याची कल्पना करायला अर्थशास्त्र लागत नाही.

मग शहाण्या माणसानं काय करावं? रिझर्व्ह बँक सांगतेच. अमिताभ बच्चन टीव्हीवर येऊन सांगतात: जानकार बनिए, सतर्क रहिए. बरं, बनतो जाणकार. त्या सहा विषयांत माझ्या बँकेला किती गुण मिळाले ते सांगता का? नाही. तपासणी अहवालात काय लिहिलं आहे? गोपनीय. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेला दंड केल्याचं पत्रक तेवढं निघतं, दोन लाख, चार लाख. तो दंडही शेवटी खातेदारांच्या पैशांवर चालणाऱ्या बँकेच्या खिशातून. २०२५च्या ऑक्टोबरात जाहीर झालं की, पुढे ठेवविम्याचा हप्ताही बँकेच्या जोखमीप्रमाणे ठरणार. सुस्थितीतल्या बँकेला स्वस्त. म्हणजे आता विमा महामंडळालाही कळणार की कुठली बँक डळमळीत आहे. ज्याचे पैसे आहेत त्यानं मात्र अमिताभकडे बघत बसायचं.

रिझर्व्ह बँकेची बाजू अगदीच टाकाऊ नाही. दर्जा जाहीर केला तर रांगा लागतील, आणि रांग लागली की धडधाकट बँकही आडवी होते. ठेवी आज मागता येतात, कर्जं आज वसूल होत नाहीत. जगातली कुठलीही बँक सगळ्यांना एकाच दिवशी पैसे देऊ शकत नाही. हे मान्य. पण मग १४ फेब्रुवारीच्या सकाळी जे लागलं होतं ते काय होतं? रांग टाळण्यासाठी पाळलेल्या गुपिताचा शेवट रांगेतच होतो, फरक एवढाच की तोवर खिडकी बंद झालेली असते. शिवाय बँकेला २०२२-२३ला सुमारे ३१ कोटी आणि पुढच्या वर्षी २३ कोटींचा तोटा होता, हे छापलेलं होतं. ते वाचून कुणी धावलं नव्हतं. माणसं अहवाल वाचून घाबरत नाहीत हो, शटरला चिकटवलेला कागद बघून घाबरतात.

सर्वोच्च न्यायालयाला हे केव्हाच पटलं आहे. १६ डिसेंबर २०१५ला, जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात, न्यायालयानं रिझर्व्ह बँकेला सांगितलं की तुमचं नातं बँकांच्या गुपितांशी नाही, जनतेच्या हिताशी आहे. तपासणी अहवाल माहितीच्या अधिकारात द्या. २०१९ला पुन्हा बजावलं. एवढ्यानंतरही ते अहवाल सुखासुखी हाती लागत नाहीत. तिकडे अमेरिकेत २०२३च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तर पुढच्याच महिन्यात फेडरल रिझर्व्ह आपल्याच पर्यवेक्षकांचं कुठे चुकलं याचा अहवाल छापून मोकळी झाली: दोष दिसले होते, पण आपण पुरेसे जोरात बोललो नाही. आपल्याकडे परीक्षकाची परीक्षा जाहीर करायची पद्धत नाही.

न्यू इंडियाच्या खातेदारांचं नशीब शेवटी बरं निघालं. सारस्वत बँकेनं ती पदरात घेतली आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या शाखा सारस्वतच्या झाल्या, ठेवींसकट. सारस्वत १९१८ला गिरगावात जन्मली, आज देशातली सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक, आणि तिचं मुख्यालय कुठे? प्रभादेवीत. पिनकोड तोच, ४०००२५. व्यवस्थेनं जे वाचवलं नाही ते शेजाऱ्यानं वाचवलं, मिंट रोडची परवानगी काढून. असा शेजारी प्रत्येक बँकेला मिळत नाही. देशात दीड हजाराच्या आसपास नागरी सहकारी बँका आहेत, त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या महाराष्ट्रात. सारस्वत एकच आहे.

ज्यांनी १२ फेब्रुवारीला ती तिजोरी उघडली त्या रिझर्व्ह बँकेच्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना बढती द्यावी आणि उरलेल्या बँकांच्या पत्त्यांची यादी हाती देऊन बाहेर पाठवावं, एवढीच मागणी. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या बँकेच्या शेवटच्या तपासणी अहवालाची प्रत मागणारा अर्ज मिंट रोडला टाका. फी १० रुपये आहे. नकार आला तर अपील करता येतं, आणि त्यात २०१५च्या निकालाची तारीख घालायला विसरू नका.